जागृती नको, झोप हवी

४ मार्च, पहाटे

तीन वाजून दहा. जागा! नुसता जागा नाही, माझ्या एकट्याच्या जागेपणावर अख्ख्या इमारतीचे दिवे चालतील इतका जागा.

काल केमोचा चौथा डोस झाला. पाच तास खुर्चीत, हाताला सुई. घरी येताना पिशवीत स्टिरॉइडच्या त्याच गोळ्या, पाच दिवसांच्या. पोटातल्या गाठीला झोपवायला औषध आणि मला उठवून बसवायला गोळी! चाळीस वर्षं व्यासपीठावरून घसा फोडून सांगितलं — जागे व्हा! एकही सभा अशी आठवत नाही, जिच्यानंतर कुणी खरंच जागं झालं. आणि ही हरभऱ्याएवढी गोळी! आधी भेटली असती तर भाषणं करण्याऐवजी हिचंच वाटप केलं असतं.

एक वाजता फ्रीज पुसला. दोन वाजता ग्रंथालयाच्या वेळांबद्दल संपादकांना खरमरीत पत्र लिहिलं. अडीच वाजता त्या पत्राला विरोधी बाजूने उत्तर लिहिलं. उत्तर जास्त चांगलं झालं. दोन्ही फाडली.

कागद फाडल्याच्या आवाजाने ही उठली. ही बस डेपोच्या नियंत्रण कक्षात आहे, दिवसभर माइकवरून गाड्यांच्या घोषणा करते. दारात उभी राहून त्याच आवाजात — "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दहा-तीसची झोप अनिश्चित काळासाठी विलंबाने धावत आहे. गैरसोयीबद्दल आम्हाला अजिबात खेद नाही. दिवा घालवा."

घालवला. आता बॅटरीच्या उजेडात लिहितोय.

५ मार्च

एक तास दहा मिनिटं. त्यातली वीस मिनिटं झोप लागल्याचं स्वप्न पडत होतं.

६ मार्च

गेल्या महिन्यात झोपेची गोळी घेऊन न्हाणीघरात आडवा झालो होतो, कपाळाला तीन टाके. आज पुन्हा गोळी मागितली तर डॉक्टर म्हणाले, "नाही." डॉक्टर तारेच्या भाषेत बोलतात. शब्दामागे आकार लागतो की काय कोण जाणे. "वजन घटतंय. झोप हवी. झोपेच्या बाईंना भेटा. खोली चौदा."

खोली चौदाला खिडकी नाही. भिंतीवर खिडकीचं चित्र आहे. चित्रात समुद्र. झोपेच्या बाई तिशीच्या, हुशार, आणि डोळ्यांखाली माझ्याहून काळी वर्तुळं. पहिल्या पाच मिनिटांत चार जांभया.

"तुम्ही स्वतः नीट झोपता ना?" मी.

"घरी सात महिन्यांचं बाळ आहे हो," त्या म्हणाल्या. "मला विचारू नका. मी शिकवते ते करा."

नियम असे. अंथरूण फक्त झोपेसाठी, तिथे वाचन नाही, लेखन नाही, विचार नाही. रोज एकाच वेळी उठायचं, झोप झालेली असो वा नसो. दुपारी डुलकी नाही. आणि वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं.

"वीस मिनिटं झाली हे कळणार कसं?"

"घड्याळ बघायचं नाही."

"मग कळणार कसं?"

"अंदाजाने."

"बाई, मी अंदाज बांधत पडलो की झोप कशी येणार?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही पूर्वी वकील होतात का?"

नव्हतो! शाळेत इतिहास शिकवत होतो. पण प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही ते नाहीच. शेवटी ही म्हणाली, "मी सांगेन वीस मिनिटं झाली की." बाईंनी हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढचा पेशंट बोलावला.

७ मार्च

झोपायची खोली रिकामी केली. नियम म्हणजे नियम! पलंगाभोवतीची पुस्तकं, एकशे बारा, बाहेरच्या खोलीत नेली. पलंगाखालची सगळ्यात शेवटी. त्यात ज्ञानकोशाचा सहावा खंड होता. तो ओढून काढल्यावर आठवलं की पलंगाचा चौथा पाय नऊ वर्षांपूर्वी मोडला होता आणि तेव्हापासून तिथे सहावा खंड उभा होता.

ही तेव्हा पलंगावर बसून चादरी घडी करत होती. घसरत माझ्या अंगावर आली, चादरींसकट. दोघंही जमिनीवर. पाच मिनिटं हसत होतो. पोट दुखलं — गाठ आहे तिथेच, पण हसण्याने दुखलं, हिशोबात धरायचं नाही.

खंड परत ठेवला. "अंथरुणात वाचायचं नाही, असं सांगितलंय," ही म्हणाली. "पुस्तकावर झोपायचं नाही, असं कुठे म्हणाल्या?"

रात्री झोप — दोन तास. "वीस मिनिटं झाली!" हिची सूचना मात्र सहा वेळा. एकदा झोप लागली होती, तेव्हाही.

९ मार्च

मेहुण्याचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर घसा खाकरून — "भावोजी, राग मानू नका. पण ही सगळी जागरणं नडली तुम्हाला. रात्र रात्र वाचन, रात्र रात्र भाषणांची तयारी. शरीर सूड घेतंच हो."

राग मानला. फोन आपटला. मग दुपारभर त्याचंच वाक्य डोक्यात. खरं असेल तर? आयुष्यभर लोकांना म्हणालो, कारण शोधा, दैवावर ढकलू नका. आता माझ्या पोटातल्या गाठीचं कारण शोधायला मीच का कचरतो?

ग्रंथालयात गेलो. झोप आणि कर्करोग यावर मिळेल ते वाचलं. काही पाहण्यांत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. काही रात्रपाळीवाल्यांवर, काही कमी झोपणाऱ्यांवर, एक तर जास्त झोपणाऱ्यांवर! कुणाचंच कुणाशी जुळत नाही. पण आरोपपत्र लिहायला बसलो की पुरावा कमी पडत नाही. माझ्याविरुद्ध अकरा पानी आरोपपत्र तयार झालं. भाषा झकास. कलम सात तर मोठ्याने वाचावं असं.

११ मार्च

रक्ततपासणीला गेलो होतो. आरोपपत्र डॉक्टरांपुढे ठेवलं. म्हटलं, वाचा आणि मला दोषी ठरवा.

त्यांनी पहिलं पान वाचलं. शेवटचं वाचलं. "नाही."

"म्हणजे निर्दोष?"

"तसंही नाही. पाहण्या हजारो माणसांच्या असतात. एका माणसाबद्दल त्यावरून सांगता येत नाही." मग पानं परत देत — "उलट बाजू नक्की. आजार झोप खातो. उपचार झोप खातात. भीती झोप खाते. त्यावर काम करा."

त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं मी पहिल्यांदा ऐकली. तरी माझं समाधान होईना. बाहेर बाकावर बसून हिला कलम सात वाचून दाखवलं. हिने पूर्ण ऐकलं. म्हणाली, "डेपोत मी अठरा वर्षं रात्रपाळी केली. तुम्ही रात्री जागत होतात, मी दिवसाही नीट झोपले नाही. मग मला का नाही झाला? मी काय पाळीवर झोपा काढत होते?"

मी कलम सात पुन्हा चाळलं.

"आणि समजा जागरणाने झाला," ही पुढे, "तरी मागच्या तीस वर्षांची झोप आता आणून देणार आहात का कुठून? ती गाडी गेली. पुढची बघा."

आरोपपत्राच्या कोऱ्या बाजूला आता वाणसामानाची यादी आहे. एका बाजूला माझा गुन्हा, एका बाजूला साबण.

१२ मार्च

रुग्णालयाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचा फोन. "सर, तुमची ख्याती ऐकून आहोत. उद्या कर्करोग जनजागृतीचं व्याख्यान आहे, वक्ते आजारी पडले. तुम्ही याल?"

म्हटलं, मीही आजारीच आहे. म्हणाले, "हो सर, पण तुम्ही आमच्याकडेच आजारी आहात. सोयीचं आहे."

होकार दिला! जागृती! माझा शब्द! चाळीस वर्षं त्याच शब्दाचं खाल्लं. रात्री तयारी करत बसलो (बाहेरच्या खोलीत, नियमाप्रमाणे). सुरुवात गर्जनेने, मध्ये विनोद, मग शांत आवाज, मग आरोळी. टाळ्यांसाठी नऊ जागा सोडल्यात.

१३ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

तिसऱ्या मजल्यावरचं सभागृह. दाराशी फळा. सकाळी झोपेच्या बाईंचा निद्रानाशावर वर्ग होता, त्यांची पाटी कुणी पुसलीच नव्हती. त्याखाली माझं नाव. त्यामुळे वाचणाऱ्याला असं दिसत होतं — "निद्रानाश. प्रमुख वक्ते:" आणि पुढे मी. ही म्हणाली, "पदवी लावल्यासारखं वाटतंय. राहू दे, खरंच आहे."

चाळीसेक माणसं. बहुतेक पेशंट, टोप्या घातलेले, स्वेटर घातलेले, काही सलाईनच्या खांबासकट. पहिल्या रांगेत टॅक्सीवाला — केमोला माझ्या शेजारच्या खुर्चीत असतो, फुप्फुसाचा. मी माइक हातात घेण्याआधीच तो म्हणाला, "साहेब, जागृती कशाला? चार-चार वाजेपर्यंत जागेच असतो आम्ही. झोपेचं काही असलं तर सांगा." सगळे हसले. मागून एक आजी — "जागृती नको, झोप हवी!" घोषणा झाली की ती! दोन-तीन जणांनी उचललीसुद्धा. माझ्या सभेत माझ्याविरुद्ध घोषणा!

सुरू केलं. गर्जनेने. "मित्रांनो, जागे व्हा —"

चौथ्या मिनिटाला घोरणं ऐकू आलं. टॅक्सीवाला. मी आवाज चढवला. आजीलाही झोप लागली. आणखी चढवला, तर तिसरी रांग एका बाजूने कलली, कोपऱ्यातल्या पुस्तकांसारखी. एकाच्या मांडीवर दुसऱ्याचं डोकं. मी थांबलो. माझ्या सभेत आजवर कुणी झोपलं नव्हतं!

मी थांबलो तशी सगळ्यांचे डोळे उघडले. "काय झालं? संपलं?" वैतागून!

भिंतीकडेला उभी असलेली सिस्टर धावत आली, कानात — "काका, थांबू नका! त्या आजी नऊ दिवस झोपल्या नाहीयेत. हात जोडते, बोलत राहा!"

बोलत राहिलो. तेव्हा एक गोष्ट कळली. टाळ्यांसाठी सोडलेल्या माझ्या जागांनीच माणसं जागी होत होती. ज्या थांबण्यांवर मी आयुष्यभर मेहनत घेतली, तीच काढून टाकायची! सलग बोललो. एका सुरात. जागृतीचा विषय पाऊण तासात संपला. मग औद्योगिक क्रांती. मग छापखान्याचा इतिहास. मग भिंतीवर लावलेल्या आग विझवायच्या सूचना, दोनदा. एक तास पन्नास मिनिटं. चाळीस माणसं ढाराढूर. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी. झोपेच्या बाई दारात उभ्याउभ्या झोपल्या होत्या.

घरी येताना मी कागदावरच्या टाळ्यांच्या नऊ जागा खोडत बसलो. हिने बसमध्ये खिडकीबाहेर बघत सांगितलं, "अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. चाळीस वर्षं मी काय वेगळं करत होते? शेवटच्या रांगेत बसून. डोळे उघडे ठेवायची सवय रात्रपाळीने लागली."

१४ मार्च

रुग्णालयाचं पत्र. दर गुरुवारी, दोन तास. विषय — "कोणताही".

स्वतःचं भाषण रेकॉर्ड करून रात्री ऐकलं. झोप येईना. प्रत्येक वाक्यात सुधारणा सुचत होत्या.

१६ मार्च

आज पानाला खरं सांगतो. झोप का येत नाही, ते मला माहीत आहे. गोळ्या संपल्या त्याला आठ दिवस झाले, आता त्यांच्यावर ढकलता येत नाही.

मी पहारा देतो. मला वाटतं, मी झोपलो की ती काम सुरू करते. पोटातली. दिवसा मी बोलतो, भांडतो, वाचतो, तेव्हा ती दबून असते आणि दिवा मालवला की वाढते. असं नसतं हे मला ठाऊक आहे! अंधश्रद्धेवर दोनशे व्याख्यानं दिलेला माणूस आहे मी. कुणी सभेत असं बोललं असतं तर उभा सोलला असता. तरी पोटावर हात ठेवून छताकडे बघत पडतो. येऊ दे म्हणावं, मी जागा आहे.

हिला सांगितलेलं नाही.

१७ मार्च

रक्त कमी झालंय म्हणून रक्त चढवायला बोलावलं. तीन तास. शेजारच्या खुर्चीत टॅक्सीवाला, त्याचा डोस. गुरुवारची झोप अजून तोंडावर. "साहेब, बायको म्हणते, तुमच्या भाषणाची कॅसेट मिळेल का?"

कोण जाणे का, त्याला सांगितलं. पहाऱ्याचं. वाटलं, हसेल.

तो हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "पंचवीस वर्षं टॅक्सी चालवली. माझ्या मागच्या सीटवर किती माणसं झोपली असतील! अनोळखी, पाकीट उघडं, तोंड उघडं. का झोपतात? पुढचा जागा असतो म्हणून. मला अजून दीड तास इथेच बसायचंय. तुमच्या गाठीवर मी नजर ठेवतो. काही हालचाल दिसली तर हॉर्न देतो."

"मूर्खपणा आहे," मी म्हटलं.

"आहेच. मिटा डोळे."

पन्नास मिनिटं! दिवसाढवळ्या, नियम मोडून, रक्ताच्या बाटलीखाली! उठलो तेव्हा तो माझ्या पोटाकडे टक लावून बसला होता, अगदी इमानदारीत. "जागची हलली नाही," म्हणाला. "एकदा तुम्ही घोरलात तेव्हा जरा दचकली असेल."

२० मार्च

सकाळी स्कॅन. चार डोसांनी गाठ आटली का, ते सोमवारी कळेल. आटली असेल तर आणखी दोन डोस आणि सुटका. नसेल तर — त्याचा विचार अंथरुणात करायचा नाही असा नियम आहे, म्हणून स्वयंपाकघरात केला.

दुपारी गुरुवारचं व्याख्यान. विषय: कुलपांचा इतिहास. चौसष्ट माणसं, सतरा मिनिटांत सगळी गार. आता मला त्याचा राग येत नाही. उलट एकजण जागा राहिला तर अपमान वाटतो.

२४ मार्च

आज निकाल. अकराची वेळ, दीड वाजता आत घेतलं. काल रात्री डोळ्याला डोळा नव्हता. डॉक्टरांनी स्कॅनचा फोटो दिव्यावर लावला, खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागले. चक्क बोलायला लागले! तो तारेचा माणूस, लांब लांब वाक्यं, एका सुरात, मध्ये न थांबता —

आणि मी झोपलो.

माझ्याच निकालाच्या वेळी! जाग आली तेव्हा हिचा हात माझ्या हातावर, डॉक्टर उठून खिडकीपाशी उभे. हिने कागद पिशवीत घातले. "चला घरी. आजचा डोस नाही. पुढच्या सोमवारी."

का नाही, हे विचारलं नाही. रस्ता ओलांडायचा होता. मग बस आली. मग बसमध्ये गर्दी होती.

२५ मार्च

सात तास! सलग! मधे एकदाही उठलो नाही. डोस नाही म्हणून गोळ्या नाहीत, म्हणून झोप. साधं गणित आहे. सकाळी हिने चहा दिला, पेपर दिला. मी पेपर वाचला. तिने भांडी लावली. आज विचारणार होतो.

२६ मार्च

आठ तास दहा मिनिटं. भूक लागली, दोनदा जेवलो.

पंधरा वर्षांपूर्वी मी एक भाषण करत असे — रोग्याला आपला रोग कळण्याचा हक्क. गाजलेलं. डॉक्टरांच्या मेळाव्यात केलं होतं, अर्धे उठून गेले होते. आज मला कुणीही अडवलेलं नाही. पिशवी दारामागच्या खुंटीला आहे. कागद पिशवीत आहेत. पिशवीला कुलूप नाही.

झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही म्हणतात. आता दिवा घालवतो. झोप येतेय. खरंच येतेय!

२७ मार्च

विचारलं. चहा खाली ठेवून, एका वाक्यात.

गाठ वाढली आहे. ही औषधं लागू पडली नाहीत, सोमवारपासून दुसरी सुरू करणार. हिला तीन रात्री माहीत होतं. मी झोपलो त्या तिन्ही रात्री ही जागी होती. "सांगणारच होते," म्हणाली, "पण तुम्ही इतके छान —" आणि वाक्य तिथेच राहिलं. झोप लागली. सोफ्यावर, बसल्याबसल्या, डोकं माझ्या उजव्या खांद्यावर.

एक तास झाला. हललेलो नाही. हे डाव्या हाताने लिहितोय.